कन्सल्टिंगची नोकरी, ७० टक्के फिरती : घ्यावी का?

रानजाई
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि तो घरच्यांचा नको. घरच्यांचा मिळून झालाय.

मी पुण्यात राहते. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सॅप फायको (कारखान्याचा कारभार चालवणाऱ्या सॅप सॉफ्टवेअरमधला हिशेब-खर्चाचा भाग) बघते. वय ३५. नवरा आयटीत, बहुतेक दिवस घरूनच काम. मुलगी दुसरीत. सासूबाई आमच्याकडे असतात, तब्येतीने ठणठणीत आहेत. आता एका मोठ्या कन्सल्टिंग फर्मची ऑफर आलीय, पगार जवळपास दीडपट. पत्रात 'प्रवास ७० टक्क्यांपर्यंत' असं लिहिलंय. एचआरवाली म्हणते, "मॅम, वो तो सिर्फ लिखने के लिए होता है." मुलाखत घेणारा मॅनेजर म्हणाला, "पहिलं प्रोजेक्ट ओडिशात, सोमवार ते शुक्रवार तिथेच." दोघांचं आपसात बोलणं झालेलं दिसत नाही.

आत्ताच्या कामाचा मला कंटाळा आलाय हे खरं. त्याच एका प्लांटचं मंथ-एंड, तेच वेंडर, तीच जीएसटीची जुळवाजुळव. ज्यांनी अशी फिरतीची नोकरी केलीय किंवा ज्यांच्या घरात कुणी करतंय, त्यांनी खरं काय ते सांगा. काय मिळतं, काय जातं? पगाराचं सोडून बोला, तो मला दिसतोय.

उंबरठा
रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडेही सध्या हाच विषय पेटलाय.

घाटमाथा
सविस्तर लिहितो, कारण एचआर आणि मॅनेजर दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतील.

मी सॅपमध्येच, एमएम-पीपी (माल आणि उत्पादनाचा भाग), सगळं काम देशातल्या देशात. कन्सल्टिंग म्हटलं की लोकांना सूट-बूट आणि पंचतारांकित हॉटेल दिसतं. ते मॅकिन्झी-बीसीजीसारख्या बड्या स्ट्रॅटेजी फर्मवाल्यांचं. आपण इम्प्लिमेंटेशनवाले, म्हणजे सॉफ्टवेअर बसवून देणारे, आपलं काम प्लांटवर. आणि प्लांट कुठे असतात? अंगुल, झारसुगुडा, बद्दी, पिथमपूर, हल्दिया. राहायला कंपनीचं गेस्ट हाउस, जेवायला मेस, सकाळी गेटपास काढायला रांग. झारसुगुड्याचा विमानतळ २०१८ चा. त्याआधी पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस पकडायची, नागपूर-रायपूर-बिलासपूर करत जायचं आणि उतरल्या उतरल्या अंघोळ करून मीटिंगला बसायचं.

आता मिळतं काय. तुम्ही ज्या एका मंथ-एंडला कंटाळलात, तसे पाच वेगळ्या धंद्यांचे मंथ-एंड तिथे बघायला मिळतील. औषधाच्या कारखान्यात क्वालिटीचा शिक्का पडल्याशिवाय बॅच जागची हलत नाही, अकाउंट्सवाल्याने कितीही आदळआपट करो. सिमेंटमध्ये मालापेक्षा भाड्याचीच चर्चा जास्त, सगळं डोकं फ्रेटमध्ये. पोलादात स्क्रॅप परत भट्टीत जातं, मग त्याची किंमत काय धरायची यावर दोन जीएम भर मीटिंगमध्ये एकमेकांच्या अंगावर धावून जातात. आणि प्रत्येक कारखान्यात एक जुना माणूस असतो, ज्याच्या खाजगी एक्सेलवर अख्खी कंपनी चालते. तो पहिले दोन आठवडे तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. मग एके दिवशी चहा पाजतो आणि ती फाइल उघडून दाखवतो. मला या नोकरीने जे दिलं त्यातलं सगळ्यात महाग हे.

२०१७ चा जून सांगतो. १ जुलैपासून जीएसटी. ३० जूनच्या मध्यरात्री तिकडे संसदेत सोहळा चालू होता, इकडे आम्ही डिस्पॅचच्या खोलीत नव्या करासकट पहिलं इनव्हॉइस निघतंय का बघत होतो. बाहेर भरलेल्या ट्रकांची रांग. पहाटे पहिला ट्रक गेटबाहेर पडला तेव्हा डिस्पॅचच्या साहेबाने स्वतः जाऊन वडे आणले. एरवी हा माणूस आम्हाला 'ये कॉम्प्यूटरवाले' म्हणायचा.

जातं काय? आपल्याकडे गो-लाइव्ह (नवी सिस्टीम चालू करणं) १ एप्रिलला ठेवायची खोड आहे. त्यामुळे गुढीपाडवा बहुतेक वेळा कटओव्हरच्या, म्हणजे जुन्यावरून नव्या सिस्टीमवर जायच्या, तोंडावर येतो. गुढी व्हॉट्सॲपवर बघायची. बाकीचं बाकीचे लिहितीलच.

विंडोसीटच_हवी
७० टक्के प्रवास आणि ३० टक्के लोहगाव विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. झाले की १००.

परसदार
अमेरिकेतलं सांगते. इथे स्ट्रॅटेजी असो की इम्प्लिमेंटेशन, वर्षानुवर्षं एकच गणित चालत आलंय. सोमवारी पहाटेचं विमान, तीन रात्री हॉटेल, गुरुवारी संध्याकाळी परत, शुक्रवार घरून. न्यूअर्कला सोमवारी सहाच्या रांगेत दर आठवड्याला तेच चेहरे. नावं माहीत नसतात, पण कुणी बेल्ट काढायला विसरलं की आम्ही आठवण करून देतो.

पॉइंटांचं कौतुक मला आहे, खोटं कशाला बोलू. मॅरियटमध्ये वर्षाला ५० रात्री झाल्या की प्लॅटिनम, ७५ ला टायटेनियम. २०१६ मध्ये त्यांनी स्टारवूड घेतलं तेव्हा आमच्या टीममध्ये अक्षरशः सुतक होतं, कारण स्टारवूडचे पॉइंट म्हणजे सोनं. आईबाबांना मी त्या पॉइंटांवर बिझनेस क्लासने आणलं. बाबांनी विमानातले मोजे अजून जपून ठेवलेत.

पण व्हिसावर असलेल्यांनी एक लक्षात ठेवा. एच-वन-बीवर क्लायंटचं शहर बदललं आणि नवी जागा आधीच्या महानगर क्षेत्राबाहेर असली, तर २०१५ च्या सिमियो या इमिग्रेशन प्रकरणातल्या निर्णयापासून दुरुस्त अर्ज करावा लागतो. लहान फर्म हे टाळायला बघतात, भोगायचं मात्र तुम्हाला. शिवाय ज्या राज्यात जाऊन काम केलं त्या राज्याचं विवरणपत्र वेगळं. न्यूयॉर्क तर एखाद्या दिवसाच्या कमाईलाही सोडत नाही. आणि प्रोजेक्ट एकाच जागी वर्षाहून जास्त चालणार असं ठरलेलं असेल, तर हॉटेल-विमानाची भरपाईसुद्धा तुमचं उत्पन्न धरतात. मार्चमध्ये सीएकडे बसल्यावर हे कळणं फार वाईट.

सदाफुली
हे पॉइंट कुणाच्या जिवावर जमतात ते मी सांगते.

नवरा अशाच फर्ममध्ये आहे. पुणे-दिल्ली, मध्ये काही काळ पुणे-चेन्नई. सोमवार ते गुरुवार घर मी चालवते आणि ते व्यवस्थित चालतं. शुक्रवारी हा येतो आणि विचारतो, "ही अजून जागी कशी?" अरे बाबा, तिला उद्या सुट्टी आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी त्याला घरी लोळायचं असतं, वरणभात हवा असतो. मला चार दिवसांनी घराबाहेर पडायचं असतं, कुणीतरी आयतं ताट समोर ठेवावं असं वाटतं. दोघांचंही रास्त आहे, म्हणून भांडण मिटत नाही.

गीझर मंगळवारीच बिघडतो. ताप बुधवारी रात्रीच येतो. नवा वॉचमन आला तेव्हा त्याने आमच्या साहेबांना गेटवर थांबवून विचारलं, "किसके यहाँ जाना है?" आम्ही हसलो तेव्हा. तो नाही हसला.

रानजाई, तुझ्या घरात उलटं होणार. सोमवार ते शुक्रवार तुझा नवरा एकटा. तो घरून काम करतो म्हणजे मोकळा असतो असं धरून चालू नकोस. त्याने 'जा, हरकत नाही' म्हटलंय, की डबा कोण भरणार, स्कूलबस चुकली तर कोण सोडणार, हे सगळं डोळ्यांसमोर आणून हो म्हटलंय?

पक्का_शनवारी
सासूबाई ठणठणीत आहेत हे लिहिलंत. त्यांना विचारलंत का?

कोरा_चहा
मुलगी दुसरीत असताना आईने आठवड्यातले पाच दिवस बाहेर राहणं मला पटत नाही. जुनाट म्हणा हवं तर.

उंबरठा
म्हणते. जुनाट.

घाटमाथा झारसुगुड्याला होते तेव्हा त्यांची मुलं कितवीत होती, हे या धाग्यावर कुणी विचारलं नाही. बघा वर जाऊन.

घाटमाथा
विचारा की. धाकटा बालवाडीत होता, मी हल्दियात. बायको बँकेत आहे. तिला त्या वर्षी प्रमोशन मिळत होतं, पण त्याबरोबर बदली होती, म्हणून तिने नाही सांगितलं. पुढची संधी यायला बरीच वर्षं गेली आणि तोवर तिच्याबरोबरचे लोक दोन पायऱ्या वर होते. माझ्या पगाराच्या आकड्यातून तो आकडा वजा करायला हवा. आमच्या घरात हे अधूनमधून निघतं आणि मी त्यावर काही बोलत नाही.

कोरा_चहा
माझा मुद्दा फक्त आईबद्दल नव्हता. बापालाही लागू.

पक्का_शनवारी
दुरुस्ती पोचली. :)

उंबरठा
लागू असेल तर उत्तम. मग रानजाईचा प्रश्न दोघांनी वाटून घ्यायचा आहे एवढंच उरतं.

डॉक्टरीण_बाई
थोडं तब्येतीचं. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१८ चा एक अभ्यास आहे. कामानिमित्त महिन्यात १४ किंवा जास्त रात्री बाहेर राहणारे आणि १ ते ६ रात्री राहणारे यांची तुलना केली. पहिल्या गटात वजन, झोपेच्या तक्रारी, चिंता-नैराश्याची लक्षणं, सिगरेट, दारूवरचं अवलंबित्व, सगळंच जास्त. प्रवासामुळेच हे होतं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण माझ्या दवाखान्यात जे येतं ते याच्याशी जुळतं. पाठ, ॲसिडिटी आणि 'डॉक्टर, बीपी जरा जास्त आलंय, मशीन बरोबर आहे ना?'

गंमत म्हणजे त्याच गटाच्या २०११ च्या अभ्यासात अजिबात प्रवास न करणाऱ्यांनी स्वतःच्या तब्येतीला थोडा प्रवास करणाऱ्यांपेक्षा कमी गुण दिले होते. अर्थात ज्यांची तब्येत मुळात बरी नाही ते प्रवास टाळतात, हेही असेल. तेव्हा घरी बसल्याने तब्येत सुधारते असा निष्कर्ष कोरा_चहा यांनी काढू नये. (दिवे घ्या.)

सांगायचं तर रात्रीचं जेवण आठच्या आत उरका. टीमबरोबर रोज साडेदहाला बटर नान, हे कन्सल्टिंगवाल्यांचं खरं दुखणं आहे.

मेतकूट
जेवणाचा विषय निघालाच आहे तर माझं आयडी सार्थकी लावतो. पिशवीत कायम असावं: मेतकूट, तुपाची छोटी बाटली, लसणाची चटणी, आईकडचे दडपे पोहे करायला पातळ पोहे. हॉटेलच्या किटलीत मऊ भात होतो. दोन वेळा उकळी आणून झाकण लावून ठेवा.

विंडोसीटच_हवी
हॉटेलच्या किटलीत लोक मोजे उकळतात म्हणे. तेवढं सोडल्यास पाककृती उत्तम.

मेतकूट
आता सांगताय? :(

परसदार
स्वतःची छोटी किटली घ्या हो. सूटकेसमध्ये मावते. माझ्याकडे दुमडणारी आहे.

घाटमाथा
ओडिशात मेतकुटाची गरज पडणार नाही. मेसमधली डालमा जेवून बघा, आपल्या आमटीची चुलत बहीण. एप्रिल-मेमध्ये पखाळ, म्हणजे पाण्यातला आंबवलेला भात, सोबत बडी चुरा आणि तळलेली मासळी. अंगुलचा उन्हाळा त्याशिवाय निघत नाही. पुण्याचा उन्हाळा हा उन्हाळा आहे असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

निवृत्त_फिटर
सगळे प्रतिसाद वाचले. मी मशीन टूल कंपनीत सर्व्हिस इंजिनियर होतो, सन ८० च्या आसपासची गोष्ट. तेव्हा कन्सल्टिंग वगैरे नाव नव्हतं, पण फिरती तीच. सेकंड क्लासने लुधियाना, तिथून बटाला, तिथून राजकोट. मशीन चालू झालं की ऑफिसला तार करायची आणि उलट तारेत पुढच्या गावाचं नाव यायचं. घरी फोनच नव्हता. शेजारच्या जोशांकडे ट्रंक कॉल बुक करायचा, तो लागेपर्यंत पोस्टात बसायचं. तुम्हाला रोज मुलीचं तोंड बघायला मिळतं. नशीबवान आहात.

उंबरठा
काका, मान्य. पण तुम्हाला रात्री साडेनऊला क्लायंटचा कॉल येत नव्हता, हेही सांगा.

निवृत्त_फिटर
ते खरं. मशीन चालू झालं की आपण मोकळे. राजकोटला मी एकदा तीन तासांचा सिनेमा सलग दोनदा पाहिलाय, कारण गाडी रात्री होती. तुमचं मशीन बंदच होत नाही.

फुलस्टॉप
एक शंका. कोविडात पूर्ण गो-लाइव्ह टीम्सवर झाली. आमच्याच कंपनीत २०२० मध्ये झाली, कन्सल्टंटचं तोंड कुणी प्रत्यक्ष पाहिलं नाही. मग आता परत हे सोमवार-शुक्रवार कशासाठी?

घाटमाथा
झाली, आणि पुढचं वर्षभर आम्ही ती निस्तरत होतो. तुमच्याकडे नसेल झालं तसं. स्टोअरमधला माणूस कॅमेऱ्यावर सगळ्याला 'येस सर' म्हणतो. प्रत्यक्ष त्याच्या टेबलापाशी उभं राहिलात की दिसतं, सिस्टीममध्ये शिल्लक एक आणि त्याच्या लाल वहीत दुसरीच. तो कारण सांगतो आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं. ब्लूप्रिंट (आराखडा), यूएटी (वापरणाऱ्यांकडून चाचणी) आणि कटओव्हर, या तीन टप्प्यांना जायलाच हवं. मधलं कॉन्फिगरेशन घरी बसून होतं, हा कोविडचा धडा सगळ्यांनी घेतला असता तर बरं झालं असतं. काही क्लायंट अजून हजेरीपटावर कन्सल्टंट मोजतात.

हिशेबनीस
इथे भावनिक बरंच झालं, थोडं कोरडं लिहितो. पलीकडच्या बाजूला, म्हणजे एका सल्लागार कंपनीच्या फायनान्समध्ये बसून मी हे करार बघितलेत.

रानजाई, तुमच्या ऑफर लेटरमधल्या ७० टक्क्यांना फारसा अर्थ नाही. अर्थ आहे त्या ओडिशाच्या क्लायंटशी केलेल्या कराराला. त्यात प्रवासखर्च 'ॲट ॲक्चुअल्स' असेल, म्हणजे जेवढा होईल तेवढा क्लायंट देणार असेल, तर तुम्ही दर शुक्रवारी घरी आलात तरी फर्मला काही वाटत नाही. पण एकरकमी ठरलेलं काम असेल आणि प्रवास त्यातच धरलेला असेल, तर तुमचं प्रत्येक तिकीट पार्टनरच्या नफ्यातून कापलं जातं. मग तिसऱ्या महिन्यात मेल येते: घरी पंधरा दिवसांतून एकदा, खोली दोघांत एक, तिकीट तीन आठवडे आधी काढा. कुणी वाईट नसतं यात, बजेट संपलेलं असतं.

दुसरं, कॉर्पोरेट कार्ड. बिल भरायची जबाबदारी कर्मचाऱ्याची असेल आणि क्लेम मंजूर व्हायला उशीर झाला, तर व्याज तुमच्या माथी. पहिल्या दिवशी विचारून घ्या. तिसरं, दैनिक भत्ता. ड्युटीवर बाहेरगावी असताना खरोखर झालेल्या खर्चापुरता तो करमुक्त असतो आणि नव्या करप्रणालीतही ती सूट टिकलेली आहे. घरभाड्याची टिकलेली नाही. जेवणाची बिलं फेकू नका.

सदाफुली
हे पंधरा दिवसांतून एकदाचं आमच्याकडे झालंय! मला इतके दिवस वाटत होतं की नवराच यायचं टाळतोय.

हिशेबनीस
वहिनी, बजेटच असणार. तुमच्या घरात मी भांडण लावलं किंवा मिटवलं असेल तर क्षमस्व.

फ्रांकफुर्टकर
घाईत दोन ओळी. पुढे कधी 'युरोपात दोन आठवडे जाऊन ये' असं आलं तर व्हिसा कुठला ते आधी बघा. शेंगेनच्या बिझनेस व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, ते सगळ्यांना पाठ असतं. पण त्या व्हिसावर मीटिंग चालते, क्लायंटच्या टीमचा भाग होऊन रोजचं काम नाही. मॅनेजर 'चलता है' म्हणतो. इमिग्रेशनच्या खिडकीपुढे तो नसतो.

विंडोसीटच_हवी
अवांतर: पॉइंटांवर जीव लावू नका. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, पॉइंट वाचले कारण ती योजना वेगळ्या कंपनीत होती, पण ते वापरून जेटने उडणार कुठे? मग विस्तारावर प्रेम केलं, ती १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन. आता मी ज्या कंपनीचं कार्ड घेईन तिच्या भागधारकांनी सावध राहावं.

परसदार
:हहपुवा:

रानजाई, अजून एक. फिरतीपेक्षा युटिलायझेशनचं टार्गेट विचार. वर्षातले किती तास बिल व्हायला हवेत ते. बेंचवर आलं, म्हणजे हातात प्रोजेक्ट नसलं, की पहिले काही आठवडे छान वाटतं, मग एचआरचे फोन सुरू होतात आणि तुम्ही मिळेल ते प्रोजेक्ट घेता, ते अंगुलला असो की अलास्काला. 'नाही' म्हणायची सोय प्रोजेक्टच्या आधी असते, बेंचवर नसते.

आणि मॅनेजर झाल्यावर प्रवास कमी होतो, हे तुला कुणीतरी सांगेलच. कमी होत नाही. एका प्लांटऐवजी तीन क्लायंट होतात आणि त्यातल्या दोघांना काहीतरी विकायचं असतं. मला विकता येत नाही. काम येतं, विकता येत नाही. म्हणून मी शेवटी क्लायंटच्याच कंपनीत नोकरी धरली. पुष्कळजण तसंच करतात. कन्सल्टिंगची काही वर्षं अंगावर असली की ती दारं लवकर उघडतात, हा माझ्या मते पॉइंटांपेक्षा मोठा फायदा.

फुलस्टॉप
म्हणजे रानजाई आत्ता जिथे आहे तिथेच शेवटी पोचायचं?

परसदार
दोन पायऱ्या वरून. पण हो.

घाटमाथा
शिवाय सध्या बाजार तिच्या बाजूने आहे. ईसीसी या जुन्या आवृत्तीचा मुख्य मेंटेनन्स सॅप २०२७ अखेर थांबवतंय, अर्धा देश एस-फोर-हाना या नव्या आवृत्तीवर जायच्या घाईत. प्लांटचं कॉस्टिंग आतून बघितलेला फायकोवाला मिळत नाही, सगळे नुसते स्क्रीन शिकलेले. रानजाई, तुम्ही अटी घालू शकता. घाला.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस गप्प होते कारण घरात हा धागा मोठ्याने वाचून दाखवण्यात आला.

सासूबाईंना विचारलं. (पक्का_शनवारी, खरंच विचारलं नव्हतं.) त्या म्हणाल्या, "मी बघेन, पण वैशाखात मी माहेरी देवरुखला जाते ते जाणारच, आणि मला गृहीत धरायचं नाही." नवऱ्याचं म्हणणं, सकाळचं तो बघेल, पण संध्याकाळी साडेपाच ते आठ त्याचे अमेरिकेचे कॉल असतात, त्या वेळेला कुणीतरी लागेल. हे सदाफुलीच्या प्रतिसादानंतर निघालं, त्याआधी आमचं संभाषण 'तू ठरव' एवढंच होतं.

मॅनेजरला फोन करून हिशेबनीस यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तो दोन सेकंद गप्प, मग म्हणाला, "यह आपको किसने बताया?" करार एकरकमी आहे. ब्लूप्रिंट संपेपर्यंत दर आठवड्याला घरी, पुढे दर पंधरा दिवसांनी. मी म्हटलं, कॉन्फिगरेशनचे महिने मला पुण्याच्या ऑफिसमधून काम हवं, यूएटी आणि कटओव्हरला मी पूर्ण वेळ तिथे असेन. त्याला चालेल म्हणाला. एचआर म्हणते पत्रात असं काही लिहून देता येत नाही, पॉलिसी नाही.

मला जायचंय, हे लिहिता लिहिता कळतंय. पण तोंडी शब्दावर सही करू का? शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे.

सदाफुली
तुझ्या नवऱ्याला माझा नमस्कार सांग. साडेपाच ते आठसाठी आमच्याकडे एक ताई येतात, त्या पोळ्याही करतात. नेमकी याच वेळेची सोय आधी लाव, बाकी आपोआप होतं.

कोरा_चहा
सासूबाईंचं वाक्य आवडलं. शुभेच्छा.

घाटमाथा
पत्रात नाही देणार, कुणीच देत नाही. तुम्ही स्वतः मॅनेजरला मेल टाका: 'आपलं फोनवर असं असं ठरलं, त्याप्रमाणे मी होकार कळवतेय, काही वेगळं असल्यास सांगा.' एचआरला सीसी ठेवा. त्याने 'नोटेड' एवढं उत्तर दिलं तरी पुष्कळ. नंतर मॅनेजर बदलला तर नव्याला दाखवायला काहीतरी असतं. आणि मॅनेजर बदलतो.

निवृत्त_फिटर
अंगुलला जाणार असाल तर एप्रिलच्या आधी जाऊन या.

हिशेबनीस
मेल जरूर करा. पण सहीच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, प्रोबेशनमध्ये नोटीस पीरियड किती. तुमच्या आत्ताच्या कंपनीत ९० दिवस असणार, तिथे प्रोबेशनला कमी असेल तर पाच-सहा महिने बघून नाही जमलं तर बाहेर पडणं सोपं. दोन, जॉइनिंग बोनस देतायत का? असेल तर तो परत घेण्याचं कलम शोधा. बहुतेक ठिकाणी ठरावीक मुदतीच्या आत सोडलं तर पूर्ण रक्कम परत मागतात, आणि तुम्ही त्यावर भरलेल्या करासकट. तुम्ही ज्या दिवशी कंटाळाल तो दिवस त्या मुदतीच्या आत येतो की बाहेर, हे बघून ठेवा.

रानजाई
प्रोबेशनला ३० दिवस आहे. बोनस आहे, चांगला आहे, आणि कलमात मुदत १८ महिने लिहिलीय. प्रोजेक्ट १४ महिन्यांचं. बोनस सोडते, त्याऐवजी मुदत नको असं सांगून बघते. आत्ताच फोन लावतेय.